घोड्यासाठी तिरप्या कप्प्यांची गाडी: आधी घोडा मोजा, मग गाडी

दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घ्यायला निघालेला माणूस महिनाभर आधीपासून रंग, चाल आणि देवमण, पंचकल्याण अशा अंगावरच्या शुभ खुणांच्या गोष्टी करत असतो. घोडा घरी न्यायचा कशात, हे मात्र तो इसार दिल्यावर ठरवतो. तापीच्या काठावर तेव्हा जी गाडी रिकामी दिसेल ती ठरते. आदल्या दिवशी तिच्यातून केळीचे घड गेलेले असतात किंवा खताच्या गोण्या. अशा गाडीत लाख-दोन लाखांचं जनावर चढवलं जातं, आणि घरी उतरतं तेव्हा गुडघा सोललेला असतो नाहीतर शेपटीचं मूळ घासून रक्ताळलेलं असतं.

तिरप्या कप्प्यांची गाडी हा त्यावरचा एक चांगला उपाय आहे. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. घोडा वाचतो तो कोनामुळे नाही, त्या कोनात त्याला मिळणाऱ्या इंचांमुळे वाचतो. अरुंद गाडीत तिरपा कप्पा केला तर तो सरळ कप्प्यापेक्षा वाईट. म्हणून हा लेख गाडीपासून नाही, घोड्यापासून सुरू होतो.

तिरपा कप्पा करतो काय?

घोड्याच्या अंगाचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. तोंड सरळ पुढे करून उभा असलेला घोडा ब्रेक लागला की आणखी पुढे झुकतो, छाती समोरच्या दांड्यावर आदळते आणि पुढचे पाय घसरतात. गाडीच्या लांबीशी साधारण ४५ अंशांत उभं केलं तर तोच धक्का त्याच्या अंगात तिरका जातो. पुढचे-मागचे आणि डावे-उजवे, असे दोन्ही बाजूंचे पाय फाकवून त्याला तोल धरता येतो. पोट एका बाजूने पार्टिशनला टेकवताही येतं. मोकळ्या हौद्यात, म्हणजे गाडीच्या मागच्या माल भरायच्या भागात, न बांधता सोडलेले घोडेही बऱ्याचदा आपण होऊन तिरपे उभे राहतात.

याची किंमतही आहे. डोकं डावीकडे-पुढे असेल तर प्रत्येक ब्रेकला भार उजव्या पुढच्या पायावर येतो आणि गाडीने वेग घेतला की डाव्या मागच्या पायावर. तासन् तास तेच दोन पाय दमतात. ज्या घोड्याच्या या दोनपैकी एका पायात आधीच लंगड आहे, त्याला तिरप्या कप्प्यात लांब नेऊ नका. दुसरी अडचण अशी की तिरप्या कप्प्यांत घोडे एकामागे एक अडकलेले असतात. सगळ्यात पुढचा पडला तर आधी मागचे उतरवावे लागतात. ही अडचण दरवाजा नीट ठेवून कमी करता येते, ते पुढे येईलच.

पायरी पहिली: घोड्याची मापं

बाजारात उंची इंचांत सांगतात, ‘बासष्टची घोडी’, ‘चौसष्टचा घोडा’. ती खांद्याच्या उंचवट्यापर्यंतची उंची. ती लागतेच, पण आणखी तीन मापं घ्या.

घोडा सपाट जागी भिंतीलगत उभा करा. मान त्याच्या नेहमीच्या ठेवणीत राहू द्या, ओढून खाली आणू नका. मारवाडी आणि काठियावाडी घोडे मान उंच धरतात, तशीच राहू द्या. नाकाच्या शेंड्याच्या सरळ खाली जमिनीवर एक खूण करा आणि पुठ्ठ्याच्या, म्हणजे कुल्ह्याच्या, मागच्या टोकाखाली दुसरी. हे पहिलं माप. बासष्टच्या घोड्याचं ते साधारण ८० ते ८२ इंच भरतं. दुसरं माप पोटाच्या सगळ्यात रुंद जागेचं. दोन बाजूंना दोन काठ्या उभ्या धरून मधलं अंतर मोजा. गाभण घोडीचं हे माप त्याच आठवड्यात घ्या, महिन्यापूर्वीचं चालणार नाही. तिसरं माप कान टवकारलेले असताना जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत.

वजन ताणकाट्यावर कोणी करत नाही. एरवीच्या मारवाडी घोड्याचं वजन साडेतीनशे ते साडेचारशे किलो धरा. हा आकडा ट्रेलर घेणाऱ्याला लागेल.

पायरी दुसरी: कोणत्या गाडीत तिरपा कप्पा बसतो

हिशेब सोपा आहे. ४५ अंशांच्या कोनात एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतची तिरकी लांबी म्हणजे आतली रुंदी गुणिले १.४१. पण कोपऱ्यात नाक आणि पुठ्ठा पूर्ण टेकत नाहीत, म्हणून त्यातून सव्वा फूट वजा करा. उरलं ते घोड्याच्या कामाचं. रुंदी नेहमी आतून मोजा, पॅडिंग धरून. गाडीवाला सांगतो ती बाहेरची असते.

साडेपाच फूट आत रुंद असलेल्या पिकअपमध्ये तिरकी लांबी ९३ इंच येते आणि कामाची राहते ७८. बासष्टचा घोडा तिथे बसत नाही. नाक भिंतीला आणि शेपटीचं मूळ मागच्या भिंतीला घासत जातं. पिकअपमध्ये तिरपा कप्पा करून देतो म्हणणाऱ्या वेल्डरला नमस्कार करा आणि पुढे चला. पिकअप ही एका घोड्याला सरळ उभं करून जवळच्या जवळ नेण्यापुरती. त्यातही बाजूचे फाळके उंच करून घेतलेले हवेत, नाहीतर घोडा उडी मारायला बघतो.

सहा फूट आत रुंद असलेल्या हौद्यात तिरकी लांबी १०२ इंच, कामाची ८७. बासष्टपर्यंतचा घोडा अर्धा फूट मोकळीक ठेवून उभा राहतो. साडेसहा फुटांत कामाची लांबी ९५ इंच येते, चौसष्ट-पासष्टच्या घोड्यांसाठी हीच रुंदी बघा. रुंदी वाढवता येत नसेल तर कोन ४० अंशांवर आणता येतो. सहा फुटी हौद्यात त्याने तिरकी लांबी दहा इंच वाढते. पण गाडीच्या लांबीतून १४ इंच जास्त वाया जातात.

हे वाया जाणं समजून घ्या, कारण विकणारे इथेच आकडे फुगवतात. चौकोनी हौद्यात तिरपे कप्पे केले की पुढे उजवीकडे एक त्रिकोण आणि मागे डावीकडे एक त्रिकोण सुटतो. ४५ अंशांत हे दोन मिळून गाडीच्या रुंदीएवढी लांबी खातात. सहा फुटी गाडी असेल तर सहा फूट गेले. उरलेल्या लांबीत एका कप्प्याला भिंतीच्या कडेने सव्वाचार फूट लागतात, तेव्हा कुठे आतून काटकोनात ३६ इंच रुंदी मिळते.

आता १४ फुटी आयशरचा हिशेब करू. दोन घोड्यांचे साडेआठ फूट आणि त्रिकोणांचे सहा, म्हणजे साडेचौदा. अर्धा फूट कमी पडतो, तो पहिल्या कप्प्यातून घेता येतो, कारण पुढच्या त्रिकोणाचा थोडा भाग त्याच घोड्याला मिळतो. म्हणजे १४ फुटीत दोन घोडे. तिसरा नाही. १७ फुटी, साडेसहा फूट रुंद गाडीत तीन बसतात असं ठामपणे सांगितलं जातं. बसतात, पण कप्पा ३० इंचांचा होतो. त्यात पाय फाकवायला जागा नाही, आणि पाय फाकवता आले नाहीत तर तिरपं उभं करण्याचा उद्देशच गेला. अशा गाडीत दोनच घोडे न्या. उरलेल्या जागेत दादर ज्वारीचा कडबा, पाण्याचे कॅन आणि सोबतचा माणूस जाऊ द्या.

कप्पा फार रुंदही नको. चाळीस इंचांच्या पुढे गेलं की अंगाने लहान घोडा मागे वळायला बघतो आणि अर्ध्यात अडकतो.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा विचारच सोडा. तिला बहुधा पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या नसतात, असले तरी ओझ्यासाठीचे कडक असतात, आणि जोडणीच्या खिटीतली ढिलाई प्रत्येक गिअरला मागून धक्का देते. वाळू नेण्यासाठी ठीक आहे.

पायरी तिसरी: फक्कीची गाडी

पैसे देण्याआधी हे नक्की करा. खळ्यात किंवा अंगणात हौद्याचं आतलं माप फक्कीने (चुन्याच्या पांढऱ्या भुकटीने) जमिनीवर आखा. एका कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर सारखं अंतर मोजून खुणा जोडा, ती रेघ ४५ अंशांची. त्या रेघेला समांतर कप्प्याच्या दोन्ही बाजू आखा आणि त्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीच्या गोण्या किंवा गवताच्या पेंढ्या रचा. भिंतींच्या जागी बांबू आडवे बांधा. मग घोडा आत न्या, दहा मिनिटं उभा ठेवा आणि चारा टाका. नाक बांबूला लागतं का, मागे सरकल्यावर पुठ्ठा कुठे येतो, पाय फाकवले तर पेंढ्या ढकलल्या जातात का, हे सगळं डोळ्यांना दिसतं. शंभर रुपयांची फक्की पुढचा पन्नास हजारांचा वेल्डिंगचा खर्च वाचवते.

तोंड कोणत्या बाजूला?

परदेशी चित्रफिती बघून बरेच जण गोंधळतात. आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम सांगतात की घोड्यांची तोंडं डावीकडे, समोरून आणि बाजूने जाणाऱ्या वाहनांपासून दूर असावीत, म्हणजे ते बुजणार नाहीत. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, त्यामुळे उजवीकडून ट्रकचे दिवे आणि भोंगे येतात, डावीकडे शेत. पुठ्ठा उजवीकडे राहिला तर दिव्यांचा झोत थेट डोळ्यात जात नाही. बाहेरून आणलेला किंवा त्या नमुन्यावर बनवलेला ट्रेलर घेताना तोंड कुठे येतं ते पहिल्यांदा बघा.

याच नियमांत आणखी काही कामाच्या गोष्टी आहेत. तळावर न घसरणारं अंथरूण, दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू, मागे दोन भक्कम दांडे, एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नाहीत, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नाही. निघण्याआधी घोडा प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५ ई प्रमाणे जनावरांच्या गाडीत कायमची पार्टिशन हवीत आणि प्रत्येक घोड्याला किमान २.२५ चौरस मीटर जागा हवी. ती होते सुमारे २४ चौरस फूट. वर सांगितलेला सव्वाचार फुटांचा कप्पा सहा फुटी गाडीत साडेपंचवीस भरतो, म्हणजे नियमात बसतो. १७ फुटीतले तीन ठोकलेले कप्पे पावणेतेवीस भरतात, म्हणजे घोड्यालाही अपुरे आणि नियमालाही.

परराज्यातला घोडा असेल तर ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल मागून घ्या आणि बाजार समितीच्या खरेदी पावतीसोबत एकाच पाकिटात ठेवा. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे इथे भिडेखातर गप्प बसायचं नाही.

पायरी चौथी: पार्टिशन आणि खिट्या

बॉडीवाल्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पार्टिशनची चौकट दीड ते दोन इंची एमएस (साध्या पोलादी) पाइपची असावी, पाइपच्या भिंतीची जाडी किमान २ मिलीमीटर. दरवाजाच्या ग्रिलला वापरतात तो पातळ पाइप घोड्याच्या एका लाथेत वाकतो, आणि वाकलेल्या पाइपमध्ये पाय अडकला की खाली ओढून काढता येत नाही. भरीव भाग तळापासून दोन फुटांवर सुरू करून साडेचार फुटांपर्यंत न्या. खालचे दोन फूट मोकळे ठेवा किंवा तिथे जाड रबराचा पडदा सोडा. खालपर्यंत पत्रा ठोकला तर घोड्याला पाय फाकवता येत नाहीत आणि वळणावर तो भिंतीवर पाय चढवायला लागतो. एकदा पाय चढवायची सवय लागली की पुढे प्रत्येक प्रवासात तेच. डोक्याच्या बाजूला मात्र वर उंच जाळी हवी, म्हणजे शेजारी एकमेकांना चावणार नाहीत. वळू घोडा न्यायचा असेल तर त्याच्या बाजूला पूर्ण उंचीचं पार्टिशन घ्या. घोडी आणि वळू शेजारी ठेवू नका, मध्ये काहीही असलं तरी.

पॅडिंग छाती, खांदा आणि पुठ्ठा टेकतो तिथे दीड-दोन इंचांचं. गादीचा पिवळा फोम महिन्यात दबतो, त्यामुळे दाट रबरी फोम घ्या आणि वर जाड रेक्झिन लावा. रेक्झिन खिळ्यांनी ठोकलं असेल तर ते काढायला लावा. पट्टी आणि गोल डोक्याचे बोल्ट वापरा.

बिजागऱ्या डाव्या म्हणजे डोक्याकडच्या भिंतीला आणि खिटी उजव्या म्हणजे पुठ्ठ्याकडच्या भिंतीला. पार्टिशन डाव्या भिंतीला सपाट मिटलं पाहिजे, म्हणजे घोड्याला आत येताना पूर्ण रुंदी मिळते. खिटीची परीक्षा अशी: दोन माणसांना आतून पार्टिशनवर पूर्ण जोराने टेकायला सांगा आणि तुम्ही एका हाताने, बाहेरून, खिटी काढा. निघाली तर ठीक. हातोडी मागावी लागली तर ती खिटी बदला, कारण घाबरलेला घोडा त्या दोन माणसांपेक्षा जास्त जोर लावतो. साखळी आणि कुलूप पार्टिशनला कधीच नको. खिटीला छोटी साखळी लावून ती गाडीलाच बांधून ठेवा. रात्री हरवलेली खिटी शोधत बसणं आणि तिच्या जागी स्क्रूड्रायव्हर घुसवणं, दोन्ही नको.

पुढच्या त्रिकोणापाशी, उजव्या बाजूला, माणूस सहज जाईल असा दरवाजा करून घ्या. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडणारा. घोडा आत नेणारा माणूस पुढे कोंडला जातो, त्याची सुटका याच दरवाजाने होते. जागा असेल तर पुढच्या घोड्याला थेट उतरवता येईल एवढा, निदान चार फुटी दरवाजा त्याच बाजूला करा. वर अडचण सांगितली ती याने बरीचशी सुटते.

तळ

चेकर्ड पत्रा कोरडा असताना बरा वाटतो. घोड्याने मूत्र केलं की नाल आणि पत्रा यांत साबण लावल्यासारखी घसरण होते. वर १२ ते १८ मिलीमीटरची रबर मॅट हवी, एकाच तुकड्यात किंवा तुकडे घट्ट जोडून. कडेची कोपरं वर उचलली जाणार नाहीत असं बघा, नाल तिथेच अडकते. मॅटखाली पाणी निघून जायला भोकं ठेवा. जुनी गाडी घेत असाल तर मॅट उचलून बघायला लाजू नका. लाकडी तळ असेल तर स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, लोण्यात शिरल्यासारखा आत गेला तर फळी कुजलेली आहे. लोखंडी तळ हातोडीने ठोका, गंजलेल्या जागी आवाज बोदा येतो.

भाड्याच्या गाडीबाबत खानदेशात एक वेगळी काळजी घ्यावी लागते. केळीच्या हंगामात हौद्यात पानं आणि चिकाचा थर असतो, तो घसरतो. खतं आणि कीटकनाशकं वाहिलेल्या गाडीत भेगांमध्ये पांढरी पूड राहते, घोडा कंटाळा आला की भिंत चाटतो. जिनिंगवरून आलेल्या गाडीत कापसाची धूळ उडत राहते. म्हणून पाण्याने धुऊन, वाळवून, कोपऱ्यांतले खिळे चुंबकाने काढून मगच अंथरूण टाका. उसाचं पाचट चांगलं. बारीक भुसा नको, वाऱ्याने डोळ्यांत आणि नाकात जातो.

चढण्याची फळी

१४ फुटी गाडीचा तळ जमिनीपासून साधारण सव्वातीन ते साडेतीन फुटांवर असतो. आठ ते दहा फूट लांबीची फळी लावली तर चढ २० ते २५ अंशांचा राहतो, तो घोडा मानतो. सहा फुटांची फळी लावली की तो उडी मारायला बघतो आणि कपाळ वरच्या आडव्या पाइपला लागतं. फळीवर दर दहा-बारा इंचांवर आडव्या पट्ट्या ठोका, वर काथ्याची चटई अंथरा, दोन्ही बाजूंना फूटभर उंचीची कड लावा. पोकळ लोखंडी फळीचा धडधड आवाज निम्म्या घोड्यांना बिथरवतो, तिच्यावर माती आणि गवत पसरा.

फळीपेक्षा चांगला उपाय म्हणजे पाटाचा बांध किंवा गोदामाचा ओटा. गाडी मागे घेऊन तळ आणि ओटा समपातळीत आणा. मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट राहू देऊ नका.

हवा आणि ऊन

आतली उंची साठ-बासष्टच्या घोड्याला साडेसहा ते सात फूट, त्याहून उंच असेल तर सात फुटांच्या खाली नको. डावीकडे तोंडाच्या उंचीला जाळीच्या खिडक्या आणि उजवीकडे वर हवा निघून जायला जागा हवी. डोकं बाहेर काढता येईल अशी खिडकी मात्र नको. पूर्ण ताडपत्री आवळून बांधणं ही थंडीतली नेहमीची चूक. मार्गशीर्षात तापीकाठी पहाटे गारठा असतो, म्हणून लोक गाडी बंद करतात, आणि दोन घोड्यांच्या श्वासाने तासाभरात आत ओल धरते. त्यापेक्षा घोड्याच्या अंगावर झूल टाका आणि वरची फट मोकळी ठेवा.

चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळ भागात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा प्रवास रात्री किंवा सूर्य उगवायच्या आत. चालत्या गाडीत वारा तरी असतो. ढाब्यावर उन्हात उभी राहिलेली पत्र्याची गाडी वीस मिनिटांत भट्टी होते. जेवायला थांबायचं तर झाड बघून थांबा, झाड नसेल तर थांबू नका.

ट्रेलरच घ्यायचा असेल तर

दोन घोड्यांचा ट्रेलर रिकामा हजार-बाराशे किलोपर्यंत भरतो. त्यात दोन घोडे, चारा, पाणी मिळून वजन दोन टनांच्या घरात जातं. ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेत ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी जे वजन दिलं असेल त्याच्या आत हे बसलं पाहिजे. ‘इंजिनात दम आहे’ या वाक्याला इथे अर्थ नाही. ओढायला दम लागतो, थांबवायला ब्रेक लागतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक, दोन आस म्हणजे चार चाकं, आणि जोडणी तुटली तर आपोआप ब्रेक लावणारी तार, या तीन गोष्टींवर तडजोड नको. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा जोडणीच्या बॉलवर यावा. त्याहून फार कमी आला तर मागचं टोक डोलायला लागतं. एकच घोडा नेताना तो पुढच्या कप्प्यात ठेवायचा, तो यासाठीच.

आरटीओची नोंदणी नसलेला, शेतातल्या शेतात बनवलेला ट्रेलर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. जुना घेताना टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचं टायर नक्षी चांगली दिसली तरी बदला. उभे राहणारे ट्रेलर झिजत नाहीत, पण त्यांचं रबर उन्हाने तडकतं.

निघण्यापूर्वी

घोड्याला गाडीची ओळख आठ-दहा दिवस आधी करून द्या. उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, रोज चंदी म्हणजे दाण्याचा खुराक आतच द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पार्टिशन लावा, नंतर इंजिन चालू ठेवा, मग गावाभोवती एक फेरी मारा. बाजारातून थेट आणायचा असेल तर हे शक्य नसतं, तेव्हा अंधार पडायच्या आत चढवा आणि दोन तास हाताशी ठेवा. घाईत काठी उगारलेला घोडा पुढच्या वेळी फळी बघूनच मागे सरतो.

ड्रायव्हरची परीक्षाही घ्या. कप्प्यात काठापासून चार बोटं रिकामी अशी पाण्याची बादली ठेवा आणि खेड्याच्या रस्त्याने पाच किलोमीटर फिरवून आणायला सांगा. परत आल्यावर किती पाणी उरलं ते दाखवा. समजावून सांगायची गरज पडत नाही.

चढवताना क्रम चुकवू नका. घोडा आत गेला की आधी पार्टिशन लावून खिटी घाला, मगच दोर बांधा. उतरवताना उलटं: आधी दोर सोडा, मग खिटी काढा. बांधलेल्या घोड्यामागचं पार्टिशन उघडलं की तो मागे झेप घेतो, दोर ताणला जातो, मान वर जाते आणि तो बसकण मारतो. या कामातल्या वाईट जखमा बऱ्याचदा इथेच होतात. दोर म्होरकीला, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्यांच्या बांधणीला, बांधा, लगामाला नाही. कडीत थेट न बांधता कडीला सुतळीचा एक वेढा घालून त्यात सुटी गाठ मारा, अगदीच प्रसंग आला तर सुतळी तुटते, मान वाचते. दोराची लांबी एवढी ठेवा की नाक छातीपर्यंत खाली येईल. डोकं सतत वर बांधून ठेवलं तर नाका-घशातला चिकट स्राव खाली गळत नाही, तो फुफ्फुसाकडे उतरतो आणि ताप येतो. हाताला दोर गुंडाळू नका, कितीही ओळखीचा घोडा असला तरी. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढच्या-मागच्या पायांचे दोर, गाडीत बांधू नका, पायच मोकळे नसतील तर तोल कशाने धरणार?

वाटेत

पहिल्या पंधरा-वीस मिनिटांनी थांबून आत बघा. गाठ, खिटी, मॅटचा कोपरा. त्यानंतर दर तीन-चार तासांनी अर्धा तास थांबा. दीडशे किलोमीटरचं अंतर ३५ च्या वेगाने सव्वाचार तासांचं होतं, म्हणजे मध्ये एक थांबा धरलाच पाहिजे. थांब्यावर दोर सैल करा, डोकं खाली सोडू द्या, पाणी दाखवा. पाणी घरचंच न्या, घोड्यामागे वीस-पंचवीस लिटर. अनोळखी बोअरचं मचूळ पाणी घोडा हुंगून सोडतो, आणि तहानलेल्या घोड्याला दुसऱ्या दिवशी पोटशूळ उठतो. चार दिवस आधीपासून पाण्यात थोडा गूळ घालायची सवय लावली तर वाटेतलं पाणीही तो पितो. चंदी निघण्याच्या आधीच्या चार तासांत नको. वाटेत फक्त भिजवून निथळलेलं गवत किंवा कडबा द्या.

चरणमाळसारखा घाट असेल तर उतारावर खालचा गिअर, आणि ब्रेक वळणाच्या आधी. वळणात ब्रेक मारला की घोडा एकाच वेळी दोन दिशांना फेकला जातो, तिथे तिरपा कप्पाही फार काही करू शकत नाही. आतून टापा आपटण्याचा एकसारखा आवाज आला तर तो कंटाळा. सुटे, जोराचे, गाडी हलवणारे धक्के आले तर सुरक्षित जागी लगेच थांबा. पार्टिशन उघडून आत शिरू नका, आधी बाजूच्या दरवाजातून बघा.

उतरल्यावर

घोडा उतरवून दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा, मग पाणी, मग गवत. चंदी तीन-चार तासांनी, तीही निम्मी. उजवा पुढचा आणि डावा मागचा पाय खालपासून वरपर्यंत हाताने चाचपा, गरम किंवा सुजलेला वाटला तर थंड पाण्याची धार सोडा. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. निरोगी घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. त्याच्या वर गेलं, खोकला आला, नाकातून घट्ट स्राव आला किंवा चारा सोडला, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. तोवर त्याला इतर घोड्यांपासून वेगळा बांधा आणि त्याची बादली दुसऱ्या कुणाला लावू नका.